वेलचेरीच्या अंगणातला आवळा

कराडच्या कोल्हापूर नाक्यावर आम्ही बंगळूरच्या बसची वाट बघत होतो आणि आई उभ्या उभ्या काकांना परसातल्या गोष्टी सांगत होती. कढीपत्त्याला आठवणीने ताक घाला. विहिरीकडच्या नारळाची झावळी पडायला आली आहे, पोरांना खाली खेळू देऊ नका. आवळ्याला काही करावं लागत नाही, फक्त कार्तिकात बुंध्याभोवती झाडून घ्या. काका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, प्रत्येक वाक्याला मान हलवत होते आणि मधूनच हायवेकडे बघत होते. वडिलांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. मी एकुलती एक, चेन्नईत गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला. लग्न केलेलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. आई एकटी कशी राहणार, हा प्रश्न सगळ्या भावकीने मला विचारून झाला होता, आणि त्याचं उत्तरही त्यांनीच ठरवून ठेवलं होतं.

"वहिनी, तुम्ही कसलीही काळजी करू नका," काका म्हणाले. "घर आहे तसं राहील. कधीही या."

बस आली. आईने किल्ली काकांच्या हातात दिली. देताना ती किल्लीकडे बघत नव्हती, त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मला तेव्हा वाटलं, ती निरोप घेते आहे. आता वाटतं, ती खात्री करून घेत होती.

गावाकडे राहिलेल्या माझ्या चुलत भावंडांनो, तुम्ही फोनवर नेहमी विचारता की काकू तिकडे रमल्या का. मी दर वेळी "हो, हो" म्हणते आणि विषय बदलते. आज जरा सविस्तर सांगते. आणि माझ्यासारखे जे पुण्याला, बंगळूरला, दुबईला गेले आणि मागून आई-वडिलांना घेऊन आले, त्यांनाही सांगते. त्यांना यातलं बरंचसं ठाऊक असेल.

मी चेन्नईतल्या वेलचेरीत कर्ज काढून एक जुनं बैठं घर घेतलं होतं. मेन रोडवर सगळीकडे आयटीवाल्यांची अपार्टमेंट्स. आतल्या गल्लीत मात्र तेव्हा अशी थोडी घरं शिल्लक होती. पुढे पायरी, मागे अंगण. आईसाठीच घेतलं, असं मी सगळ्यांना सांगत असे. पहाटे कंपनीची बस मला न्यायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. मधला सगळा दिवस आई त्या घरात. भाजीवाला गाडी ढकलत यायचा आणि ओरडायचा ते तिला कळायचं नाही. ती बोटाने भाजी दाखवायची. कराडच्या मंडईत जिच्या जिभेला बायका टरकून असायच्या, ती माझी आई इथे बोटाने भेंडी दाखवत होती.

पहिल्याच उन्हाळ्यात काकांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. इकडचं तिकडचं झाल्यावर ते म्हणाले, "आणि वहिनी, तो परसातला आवळा काढला बरं का. गाडी वळत नव्हती."

त्यांनी नवीन गाडी घेतली होती, तिच्यासाठी मागे पत्र्याची शेड टाकली होती.

आईने विचारलं, "मुळासकट?"

"हो, जेसीबी आणला होता. अर्ध्या तासात मोकळं."

"बरं," आई म्हणाली.

तुमच्यातल्या काहींनी ते झाड पाहिलंय. त्याच्याखाली आपण सगळे कार्तिकातल्या नवमीला पंगत मांडून जेवलोय. पहिल्या थंडीचं कोवळं ऊन, पानांतून पडणारे बारीक कवडसे, आणि मुलांचं लक्ष वरच्या फांदीवर. आईच्या मोरावळ्याच्या बरण्या तुमच्याही घरी जायच्या. तो आवळा कोणाच्या मालकीचा, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. बहुतेक म्हणूनच तो काढतानाही कुणी विचारलं नाही.

त्या आठवड्यात आईने मला सांगितलं, "मला एक आवळ्याचं कलम आणून दे." हट्ट नव्हता तो. मीठ संपलंय म्हणून सांगावं, तसं सांगितलं.

नर्सरीत त्याला नेल्लि म्हणतात, एवढं मी शिकले आणि कलम आणलं. ते वाढलं, पण आईला त्याचं वाढणं आवडेना. वाकून वाकून बघायची. एके दिवशी म्हणाली, "हे कलम नाही वाढलेलं, खालचा रानटी फुटवा वाढलाय. वरचं कधीच वाळून गेलं." खरंच तसं होतं. उपटून टाकलं, दुसरं आणलं. दुसऱ्याच्या पानांच्या कडा जळायला लागल्या, कारण आमच्या बोअरला खारं पाणी. मग आई तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बादलीत साठवू लागली आणि पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप लावू लागली. झाड तग धरून राहिलं. खांद्याएवढं झालं तेव्हा शेंड्यांना गाठी आल्या. आईने त्या फांद्या छाटून जाळल्या. मग साल खाणारी अळी लागली. खोडावर भुशाची जाळी दिसायची आणि खाली बारीक भोक. आई सायकलच्या स्पोकची तार भोकात घालून अळी काढायची, मग रॉकेलमध्ये बुडवलेला कापूस आत कोंबून वरून माती लिंपायची. रॉकेल कुठून मिळवायची, देव जाणे. मी कामावरून यायचे तेव्हा तिच्या हाताला तो वास असायचा.

मला राग यायचा. इतकी धडपड कशासाठी? बाजारात पोत्याने आवळे मिळतात. मी तसं एकदा बोललेही. आई म्हणाली, "मिळतात ना. मग आण आणि खा."

त्याच दिवसांत कुंपणाच्या भिंतीपलीकडून कोणीतरी मराठीत विचारलं, "अक्का, तें झाड आवळीचें कां?"

आईच्या हातातली तार पडली, असं तिने मला संध्याकाळी सांगितलं. पलीकडे राहणाऱ्या बाईंचं नाव तुळसाबाई. तंजावरकडच्या मराठी. आई आल्यापासून त्या तिला बघत होत्या, पण आपली मराठी ऐकून ही हसेल म्हणून बोलल्या नव्हत्या. त्यांची मराठी जुन्या पोथीतल्यासारखी, चाल मात्र सगळी तमिळ, आणि दर दोन शब्दांमागे एक तमिळ शब्द. त्यांच्या मुला-नातवंडांना तेवढीही येत नव्हती. पूजेपुरती उरली होती, असं त्याच म्हणायच्या.

त्या दिवसापासून आईचा दिवस भरला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघींनी एकेक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. दुपारी चहा-कॉफीची देवघेव भिंतीवरून व्हायची. आई गावाची, शेजारणींची, भावकीची गाऱ्हाणी सांगायची, आणि तुळसाबाई ऐकून घ्यायच्या. एकदा सुट्टीच्या दिवशी मी स्वयंपाकघरातून ऐकलं. आई म्हणत होती, "आमच्याकडे असं नसतं."

"अक्का," तुळसाबाई शांतपणे म्हणाल्या, "माझे पणजोबांचे पणजोबा तिकडून आले. आम्ही कोणी तें गांव पाहिलें नाहीं. आम्ही येथलेच जाहलों. तुम्ही केव्हां व्हाल?"

त्यानंतर आईने भाजीवाल्याशी तोडकं तमिळ बोलायला सुरुवात केली.

झाड मोठं झालं, मोहोरलं. फांदीला चिकटून बारीक पिवळट फुलं, त्यांवर माश्या. आई रोज बघायची. फुलं गळून गेली, फळ धरलं नाही. दुसऱ्या वर्षीही तसंच. मी शोधून वाचलं आणि आईला सांगितलं, आवळ्याला बहुधा आपल्याच परागांनी फळ धरत नाही, जवळपास दुसऱ्या जातीचं झाड लागतं.

"आपल्याकडे तर एकच होतं," आई म्हणाली.

"आपल्या परसात एक होतं, आई. शिवारात केवढी होती."

आमच्या अंगणात दुसऱ्याला जागा नव्हती. आईने तुळसाबाईंना भिंतीवरून अडचण सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, माझी एवढी जागा रिकामी पडली आहे, भिंतीला लागून लावा. मी दुसऱ्या जातीचं कलम आणलं, आणि दोघी म्हाताऱ्यांनी उभं राहून माझ्याकडून खड्डा खणून घेतला. ते झाड तुळसाबाईंनी वाढवलं. त्याला तार-कापूस कसा करायचा, ते आई स्टुलावर चढून पलीकडे सांगायची.

आणि मग फळ धरलं. फार नाही, पण धरलं. आईने मोरावळा केला, तुळसाबाईंनी तिळाच्या तेलात लोणचं घातलं. दोघींनी एकमेकींचं चाखून, आपलं जास्त चांगलं असं ठरवलं. कार्तिकातली नवमी आली. इथला कार्तिक म्हणजे ऐन पावसाचे दिवस, ते तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. त्या दिवशी मात्र सकाळी उघडीप होती. आईने ओल्या मातीवर पाट टाकले आणि तुळसाबाई आमच्या अंगणात, आवळ्याखाली जेवायला आल्या. पुरणपोळी होती, रसम होतं, दहीभात होता. मी सुट्टी घेतली होती. एवढ्या वर्षांत आईला त्या दिवशी जशी पाहिली, तशी आधी पाहिली नाही आणि नंतरही नाही. जेवण होईपर्यंत तिने गावाचं नाव काढलं नाही.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुळसाबाईंच्या मुलाने त्यांना कोइमतूरला नेलं. थोड्या दिवसांसाठी, हवापालट म्हणून. जाताना त्यांनी आईला सांगितलं, "झाडास पाणी घाला, मी येतेंच." आई बादलीतलं साठवलेलं पाणी भिंतीवरून ओतत राहिली. मग एके दिवशी पलीकडे टेप घेऊन माणसं आली. मग पत्रे उभे राहिले. मुलगा एकदा येऊन गेला, मला गल्लीत भेटला. चांगला माणूस, बोलायला गोड. "आँटी को सॉरी बोलिए," तो माझ्याशी हिंदीत म्हणाला, "प्रमोटर को दे दिया. प्लॅन अप्रूव्ह हो गया." प्रमोटर म्हणजे इथला बिल्डर. मी विचारलं, अम्माला सांगितलंय का. तो म्हणाला, हळूहळू सांगू.

आईला मी संध्याकाळी सांगितलं. दुसऱ्या दिवशी यंत्र आलं. आई भिंतीशी उभी होती. भिंतीला लागून असलेलं ते झाड आधी गेलं, कारण यंत्राला तिथूनच आत वळायचं होतं. मी ऑफिसमध्ये होते. शेजारच्या मेसवाल्याने फोन केला की तुमची आई पत्र्यापलीकडच्या माणसांशी मराठीत भांडते आहे, तिला कोणी आत न्या.

तुळसाबाईंचा फोन पावसाळ्याच्या तोंडावर आला. "अक्का, घर पाडिलें म्हणे," त्या म्हणाल्या. "मज नातवानें फोटो दाखविला. आतां मी येत नाहीं." आई म्हणाली, "तुम्ही बऱ्या आहात ना?" त्या म्हणाल्या, "बरीच आहें. नवव्या मजल्यावर आहें." त्यानंतर दोघींपैकी कुणी फोन ठेवेना. पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता. पुढे फोन कमी होत गेले. आता येत नाहीत. का येत नाहीत, ते कोइमतूरला फोन करून विचारायची आमची हिंमत नाही.

तिथे चार मजली इमारत उभी राहिली. बांधण्यापूर्वी त्यांनी जमीन माझ्या कमरेइतकी उंच करून घेतली, कारण वेलचेरीत पाणी भरतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तिथे लोक राहायला आले त्या वर्षी कार्तिकात पाऊस लागला, तेव्हा त्यांच्या आवारात पाण्याचा थेंब थांबला नाही. सगळं भिंतीखालून आमच्या अंगणात आलं. पाठोपाठ गटारही आलं. आवळ्याचा बुंधा त्या काळ्या पाण्यात उभा राहिला. मी पंप भाड्याने आणला. उपसलं की परत भरायचं. इमारतीच्या असोसिएशनचा सेक्रेटरी मला आदराने आत बसवून म्हणाला, "मॅडम, हा लो-लाइंग एरिया आहे. तुम्हीही लेव्हल वाढवून घ्या." त्याच्या मागे काचेतून आमचं अंगण दिसत होतं. वरून ते एखाद्या हौदासारखं दिसत होतं.

पाणी ओसरलं तेव्हा पानं पिवळी पडली होती. आई म्हणाली, थांबू, आवळा पान टाकतोच. पोंगलपर्यंत ती थांबली. मग एके सकाळी तिने बुंध्याजवळची माती उकरली आणि एक मूळ बाहेर काढलं. साल हातात निघून आली. आतून काळं, वास येणारं. तिने हात धुतले आणि मला म्हणाली, "माणूस बोलाव. तोडून टाक."

त्याच वर्षी धाकट्या चुलतभावाचं लग्न होतं. आम्ही आलो होतो, तुम्ही सगळे भेटलात. तुमच्या लक्षात आलं नसेल, पण आम्हाला आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत उतरवलं होतं. मागच्या खोल्यांत गव्हाची पोती आणि मांडवाचं सामान होतं. माझ्या काकूंनी चहा पाहुण्यांच्या कपांतून दिला, सोनेरी काठाच्या. ते कप आईनेच तिच्या संसारात घेतले होते आणि पाहुण्यांसाठी वर ठेवले होते. आईने एका घोटात चहा संपवला आणि परसात गेली. मी मागोमाग गेले. शेडमध्ये गाडी होती, जमिनीला कोबा केला होता. काका टॉवेलने तोंड पुसत आले.

"गाडी वळते का आता?" आईने विचारलं.

"हो, एकदम निवांत वळते," काका खुशीत म्हणाले. त्यांना वाटलं, वहिनी कौतुकाने विचारतायत.

परतताना आईने किल्लीचा विषय काढला नाही. बसमध्ये खिडकीशी बसली आणि बेळगावच्या पुढे गेल्यावर म्हणाली, "आता कुणी बोलावलं तरच जायचं."

चेन्नईला आल्यावर मी ठरवलं, पुरे झालं. सेक्रेटरी म्हणाला तसंच करायचं. अंगण उंच करायचं, वर कोबा, म्हणजे पुढच्या पावसात पाणी थांबणार नाही. मी कॉन्ट्रॅक्टर बोलावला. तो एका रविवारी डेब्रिजने भरलेला टेम्पो घेऊन गल्लीत आला. आई पायरीवर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मग पाणी कुठे जाणार?"

मी म्हटलं, "पुढे."

पुढे म्हणजे मागच्या घरात. तिथे शेअर ऑटो चालवणारा सेल्वम, त्याची बायको आणि तिची म्हातारी आई राहते. त्यांचं घर आमच्याहूनही खाली आहे. गेल्या पावसात त्यांनी गॅसची टाकी खाटेवर ठेवली होती आणि म्हातारीला टाकीशेजारी. आईने ते मागच्या खिडकीतून पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं.

"परत पाठव," आई म्हणाली.

"आई, आपण सोडून सगळ्यांनी उंच केलंय. आपल्याला कुणी विचारलं होतं?"

"नाही विचारलं. म्हणून तर म्हणते, परत पाठव."

मी खूप बोलले. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बोलले. काकांचं, तुळसाबाईंच्या मुलाचं, तिचंही. कॉन्ट्रॅक्टरला मराठी कळत नव्हती, तो मोबाईल बघत उभा होता. माझं संपल्यावर आई पायरी उतरली, टेम्पोपाशी गेली आणि ड्रायव्हरला तिच्या तमिळमध्ये म्हणाली, "वेंडाम पा, पो." नको रे बाबा, जा. तिचं तमिळ त्याला व्यवस्थित कळलं. टेम्पो मागे घेत घेत गल्लीबाहेर गेला.

मी अजून तिच्यावर चिडलेली आहे. तिचं बरोबर होतं की नाही, हे मला ठरवता येत नाही, आणि पाणी तर येतंच. आमच्या अंगणात आता काही लावलेलं नाही. आई लावू देत नाही. पाऊस सुरू झाला की मी तळातलं सामान वर ठेवते आणि ती पायरीवर खुर्ची टाकून बसते. मागच्या घरची म्हातारी कधीकधी येऊन तिच्याजवळ बसते. दोघी तमिळमध्ये बोलतात, मला त्यातलं अर्धंच कळतं.

काकांचा परवा फोन होता, दिवाळीत या म्हणून. आईने फोन माझ्या हातातून घेतला. "भाऊजी, आता तुम्हीच आमच्याकडे या," ती म्हणाली. "फक्त कार्तिकात येऊ नका. त्या दिवसांत आमच्या अंगणात घोट्यापर्यंत पाणी असतं."

काका म्हणाले, अहो, मग काहीतरी बंदोबस्त करा की.

"केलाय," आई म्हणाली. "इथेच थांबवलंय."